गरमी, गुप्तरोग आणि पिशवी : दुखण्याची नावे आणि तपासणी

आळंद तालुक्यातील निंबर्गा आणि त्याच्या आसपासची गावे भाषेच्या दृष्टीने तीन पदरी आहेत. एका बाजूला अक्कलकोट, दुसऱ्या बाजूला उमरगा आणि जिल्ह्याचे ठिकाण कलबुर्गी, अशी ही जागा. घरात मराठी, रानात आणि बाजारात कन्नड, आणि निजामाच्या काळापासून कचेरीत रुळलेली उर्दू-दखनी, असा इथल्या बोलण्याचा घाट आहे. जमिनीच्या कागदांत ही सरमिसळ सर्वांना दिसते. आजारांच्या नावांतही ती आहे. तिच्याकडे मात्र आपण भाषेचे अभ्यासक फारसे वळलेलो नाही. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या नावांकडे तर नाहीच. मी साहित्याचा शिक्षक आहे, वैद्य नाही. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण या दुखण्यांत माणूस कोणत्या दारात जाऊन उभा राहील हे बरेचदा त्याच्या तोंडी असलेला शब्द ठरवतो, असे मला दिसत आले आहे.

सुरुवात उष्णतेपासून करू. लघवीला जळजळ होऊ लागली की मराठीत ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. सिफिलिसला जुने नाव ‘गरमी’. गनोरियाला ‘परमा’, हा शब्द ‘प्रमेह’ झिजून झालेला. जांघेत गाठ आली की ‘बद आली’. युनानी हकिमांच्या तोंडचे दोन शब्द घ्या. सिफिलिसला ‘आतशक’, ज्यात फारसीतला ‘आतश’ म्हणजे अग्नी आहे. गनोरियाला ‘सूजाक’, ज्याच्या मुळाशी जळणे आहे. कन्नड बोलणारा माणूस ‘उष्ण’ झाले म्हणतो. चार भाषांच्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे आग. निरीक्षण म्हणून यात चूक काही नाही. पुरुषाला गनोरियाची लागण झाली की साधारण आठवड्याच्या आत लघवीला आग होते आणि पू येतो. शब्द अनुभवातूनच आला आहे.

पण उष्णतेवर उतारा थंडाव्याचा. सब्जा, धन्याचे पाणी, ताक, कांद्याचा रस. उन्हातान्हात काम करणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाची साधी जळजळ अशा उपायांनी खरोखरच कमी होते, त्यामुळे विश्वास बसतो. आणि पुढे हा विश्वास पक्का करायला रोगही मदत करतो. सिफिलिसचा पहिला व्रण संसर्गानंतर बहुधा तीन आठवड्यांनी उठतो (दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही), तो सहसा दुखत नाही, आणि काहीही केले नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्या काळात रोग्याने जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. ताक घेतले असेल तर ताकाला, जडीबुटी घेतली असेल तर जडीबुटीला, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. जंतू मात्र रक्तात असतो. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येते, तेही जाते, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. ‘गरमी उतरली’ असे आपण ज्याला म्हणतो, ती स्थिती बहुतेक वेळा हीच.

याच आजाराला सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत जननेंद्रियाच्या व्रणांसाठी ‘उपदंश’ हा शब्द होता. पण पोर्तुगीजांच्या पाठोपाठ आलेले हे दुखणे वेगळे आहे हे भावमिश्राने ओळखले आणि त्याला फिरंग्यांचे नाव दिले. युरोपातही हाच प्रकार चालला होता. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा, रशियन लोक पोलंडचा. ‘सिफिलिस’ हे नाव तर एका कवितेतून आले आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हरकत नाही. जिरोलामो फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने १५३० मध्ये लॅटिनमध्ये एक दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. त्यातला सिफिलस नावाचा मेंढपाळ कडक उन्हाने हैराण होऊन सूर्यदेवाची निंदा करतो आणि सूर्य त्याला हा रोग देतो. इथेही ऊनच. जंतू सापडला तो १९०५ मध्ये, पण नाव मेंढपाळाचेच राहिले.

रोगाला परक्याचे नाव देण्यामागे एक सोय असते. तो ‘त्यांचा’ ठरतो. आपल्या पट्ट्यात हे परकेपण मुंबईवर ढकलले गेले. रोजगारासाठी मुंबई, पुणे, सोलापूरला जाऊन येणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. म्हणून ‘मुंबईचा आजार’. जी बाई कधी अक्कलकोटच्या पलीकडे गेली नाही, तिला वाटते आपला याच्याशी संबंध काय? प्रत्यक्षात आपल्या देशात असंख्य विवाहित स्त्रियांना संसर्ग झाला तो त्यांच्या नवऱ्याकडूनच, स्वतःच्या घरात.

आता ‘गुप्तरोग’. गुप्तेंद्रियाचा रोग तो गुप्तरोग, अशी त्याची फोड. ऐकणारा मात्र ती वेगळी करतो : गुप्त ठेवायचा रोग. बसस्थानकाच्या भिंतीवर, मुतारीच्या दारावर, जत्रेतल्या तंबूवर हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि खाली ‘खात्रीशीर इलाज’. धंद्याच्या दृष्टीने शब्द फार उपयोगाचा आहे, कारण गुप्त ठेवायचे म्हटले की रोगी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही, पावती मागणार नाही आणि गुण आला नाही तरी तक्रार करणार नाही. या तंबूंतून स्वप्नदोषासारख्या, मुळात आजारच नसलेल्या गोष्टींवर पैसे उकळले जातात, आणि खऱ्या संसर्गाला अर्धवट मात्रेत प्रतिजैविके दिली जातात. गनोरियाचा जंतू एकेका औषधाला दाद देईनासा होत चालला आहे, त्याच्या कारणांत हा अर्धवटपणाही आहे.

मराठीत हा पडदा दूर करण्याचा मोठा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२३ मधील त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘गुप्तरोगांपासून बचाव’. रूढ शब्द त्यांनी टाळला नाही, पण त्याला ‘इलाज’ न जोडता ‘बचाव’ जोडला, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. (आम्हा प्राध्यापक मंडळींनी हे अधूनमधून आठवावे.) जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तो खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला होता. प्रश्न विचारणारा वाचक आणि त्याला सरळ उत्तर देणारा संपादक, एवढाच तो गुन्हा. आज शब्दकोशांत आणि पाठ्यपुस्तकांत लैंगिक शब्दावली आली आहे, पण वर्गात ते पान ‘घरी वाचा’ म्हणून उलटले जाते.

‘रोग’ या शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. रोग म्हटले की दुखले पाहिजे, दिसले पाहिजे. या संसर्गांचे वैशिष्ट्य हे की पुष्कळदा काहीच दुखत नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया या दोन्हींत बहुतेक स्त्रियांना लक्षण जाणवत नाही. जंतू वर सरकतो, गर्भनलिकांना सूज येते, त्या बुजतात, आणि काही वर्षांनी ती स्त्री ‘वांझ’ म्हणवली जाते. नवऱ्याचे मात्र दुसरे लग्न ठरते. एचआयव्हीत तर आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट हिंडतो. म्हणूनच अलीकडे ‘लैंगिक रोग’ न म्हणता ‘लैंगिक संसर्ग’ म्हणतात. हा बदल नुसत्या सौजन्यापुरता नाही. रोगाला औषध लागते. संसर्ग आधी शोधावा लागतो. जिथे जाणीवच नाही तिथे बोलीभाषेत शब्द तयार होत नाही, आणि शब्द नाही म्हणून विचारणाही होत नाही. ती जागा फक्त तपासणीच भरून काढू शकते.

स्त्रियांच्या बाबतीत बोलीत जो एक शब्द आहे तो रंगाचा. ‘अंगावरून पांढरे जाते’, किंवा नुसते ‘अंगावरून जाते’. जुन्या बायका ‘धुपणी’ म्हणतात, दखनीत ‘सफेद पानी’, कन्नडात ‘बिळी सेरगु’. ‘सेरगु’ म्हणजे पदर. पदराआडच्या गोष्टीसाठी याहून नेमका शब्द सापडायचा नाही! आशाताईंना सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच असावी. “अक्का, पांढरं जातंय, कंबर दुखतीय,” एवढ्या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पाळीच्या चक्रात येणारा नैसर्गिक स्राव, ज्याला औषधच नको. बुरशीचा संसर्ग, जो लैंगिक संबंधांशिवायही होतो. ट्रायकोमोनास, जो संबंधांतून येतो. आणि आतल्या मुखाला झालेला गनोरिया किंवा क्लॅमिडिया. म्हणजे पांढरे जाते म्हटल्याबरोबर बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याकडे बोट दाखवणे जितके चुकीचे, तितकेच ते ‘बायकांचे नेहमीचे’ म्हणून सोडून देणेही चुकीचे. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे, संबंधांच्या वेळी दुखणे यांपैकी काही असेल तर दाखवले पाहिजे.

सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यासाठी एक मजेशीर भाषा आहे, तीही रंगांचीच. लक्षणांच्या गटाप्रमाणे औषधांची सात रंगांची पाकिटे ठरवलेली : राखाडी, हिरवे, पांढरे, निळे, लाल, पिवळे आणि काळे. योनिस्रावाला हिरवे, व्रणाला पांढरे, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे, जांघेतल्या गाठीला काळे. प्रयोगशाळा जवळ नसली तरी पहिल्याच भेटीत औषध मिळावे, हा त्यामागचा विचार. रोग्याला रोगाचे नाव उच्चारावे लागत नाही, डॉक्टरलाही नाही. ही औषधे फुकट असतात. मर्यादा एवढीच की लक्षणच नसेल तर कोणताच रंग उपयोगी पडत नाही.

आणि हे पाकीट मिळाले नाही तर काय होते, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गर्भाशयाला इकडे कोणी गर्भाशय म्हणत नाही, ‘पिशवी’ म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खराब झाली, पिशवी काढली. २०१५ च्या सुमारास कलबुर्गी जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या आणि खेड्यांतल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघडकीला आला. पांढरे जाणे, ओटीपोटात किंवा कंबरेत दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन खासगी दवाखान्यांत गेलेल्या, पुष्कळदा पस्तिशीच्याही आतल्या स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली होती. बायकांनी मोर्चे काढले, सरकारला चौकशी करावी लागली. सीमेपलीकडे बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सगळ्यांना संसर्गच होता असे कोणी म्हणणार नाही. तोडणीवर पाळीचे दिवस आणि बुडणारी मजुरी हे कारण तिथे मोठे होते. पण ज्या तक्रारीवर आठवड्याभराच्या गोळ्या पुरल्या असत्या, तिच्यापायी अवयव गेला, असे त्यांत पुष्कळ असणार. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती अशा वेळी घातली जाते.

कॅन्सरच्या या भीतीत सत्य नेमके किती, हेही शेजारच्याच जिल्ह्यात तपासले गेले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो. तो इतका सर्रास आहे की तो आढळला म्हणून कोणाच्या वागणुकीबद्दल काही सिद्ध होत नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. थोड्यांच्या राहतो आणि वर्षांनंतर कर्करोगाकडे नेतो. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले : एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला आम्लद्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि त्यानंतरच्या उपचारांनी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण आज जगभर एचपीव्ही चाचणीवर भर दिला जातो, त्यामागे उमरगा-तुळजापूरकडच्या बायकांचा असा वाटा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आता पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली याच विषाणूवरची लसही आली आहे. मुलींना ती नऊ ते चौदा या वयात देणे सर्वांत उपयोगी. ‘लग्नाच्या आधी ही कसली लस’ असे विचारणाऱ्या पालकांना शिक्षकांनी सांगावे की लस संसर्गाच्या आधीच घ्यायची असते, गोवराची घेतो तशी.

तपासणीच्या दारावरच्या पाटीकडे येऊ. एचआयव्हीच्या चाचणीआधी आणि नंतर बोलणाऱ्या व्यक्तीला मराठीत ‘समुपदेशक’ म्हणतात. शब्दात ‘उपदेश’ राहिलाच आहे, आणि उपदेश नको म्हणूनच तर माणूस तिथे जायला कचरतो. कन्नडात त्याच कामाला ‘आप्त समालोचने’ म्हणतात. ‘आप्त’ किती चांगले! पण कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात ‘आप्त समालोचक’ ही पाटी वाचणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे समालोचन किंवा पुस्तकाची समीक्षा येते. एकच संस्कृत शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेला. सीमाभागातल्या दवाखान्यांत पाटीखाली एक साधे मराठी वाक्य लिहिले तर चालेल : ‘इथे बोललेले बाहेर जात नाही.’ हे नुसते आश्वासन नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल परस्पर कोणाला सांगता येत नाही. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करूनही विचारता येते.

संमतीचा प्रश्न गरोदरपणात विशेष येतो. कर्नाटकात प्रत्येक गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळते. त्यावर रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीची नोंद असते. सिफिलिसची जुनी चाचणी व्हीडीआरएल या अक्षरांनी ओळखली जाते. त्यातल्या पहिल्या अक्षराचा शब्द थेट रोमन प्रेमदेवता व्हीनसपर्यंत जातो. बाईला एवढेच माहीत असते की ‘रक्त तपासले’. तिला सांगायला हवे ते चार वाक्यांत बसते. ही तपासणी सर्वांची करतात. सिफिलिस निघाला तर बाळ पोटात दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्मू शकते. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. एचआयव्ही निघाला तरी औषधे नियमित घेतल्यास बाळाला तो होण्याची शक्यता अगदी कमी करता येते. तपासणीच्या काळाबद्दलही गैरसमज आहे. परवा धोका झाला आणि आज चाचणीत काही निघाले नाही, म्हणजे सुटलो असे नसते. रक्तात खूण दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून एचआयव्हीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. विंडो पीरियडला ‘गवाक्ष काळ’ म्हटल्याने हे कोणाला कळणार नाही, ‘तीन महिन्यांनी परत या’ म्हटल्याने कळते.

बचावाचा शब्द मात्र आपल्याकडे सरकारने दिला : ‘निरोध’. १९६८ मध्ये ते कंडोमचे सरकारी नाव झाले आणि पाहता पाहता सामान्यनाम बनले. पतंजलीच्या योगसूत्रांतला शब्द गावच्या किराणा दुकानात पोचला, असा प्रवास क्वचितच एखाद्या शब्दाच्या वाट्याला येतो. पण तो आला कुटुंबनियोजनाच्या झेंड्याखाली. त्यामुळे ज्या बाईचे पंचविशीतच ‘ऑपरेशन’ झाले आहे, तिच्या घरात त्याला अर्थ उरत नाही. मूल नको म्हणून वापरायची वस्तू, मूल होणारच नसेल तर कशाला? संसर्ग टाळण्याचा अर्थ त्या शब्दाला शेवटपर्यंत चिकटला नाही. तो चिकटवला तो, माझ्या मते, सांगलीच्या बायकांनी. १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात सांगली-मिरज भागातल्या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांनीच एकमेकींना कंडोम वाटायला आणि समजवायला सुरुवात केली. त्यांतल्या कितीतरी उत्तर कर्नाटकातून आलेल्या, कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या. १९९६ मध्ये त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गिऱ्हाईक कबूल नसेल तर परत पाठवायचे, हे त्यांनी एकीच्या बळावर ठरवले. ज्यांना समाज रोगाचे मूळ समजत होता, त्या बचावाच्या शिक्षिका झाल्या. कंडोमने सगळे अडत नाही, हेही सांगायला हवे. झाकलेल्या भागाबाहेर व्रण असेल तर सिफिलिस, नागीण आणि एचपीव्ही पसरू शकतात. एचआयव्ही आणि गनोरियापासून मात्र नीट वापरल्यास त्याने चांगले संरक्षण मिळते.

सर्वांत अवघड वाक्य जोडीदाराला सांगायचे असते. एकट्याने औषध घेतले आणि दुसऱ्याचे राहिले, तर संसर्ग परत येतो. गोळ्या पुऱ्या होईपर्यंत संबंध टाळावे लागतात. पण नवरा मुंबईत, बायको निंबर्ग्यात, आणि फोन सासूच्या हातात. अशा वेळी ‘तुमच्यामुळे झाले’ किंवा ‘तुझ्यात दोष आहे’ या वाक्यांनी घर मोडते आणि औषधही राहून जाते. संसर्ग कधी झाला हे पुष्कळदा डॉक्टरलाही सांगता येत नाही, तेव्हा कोणामुळे हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही. आशाताई आणि परिचारिका व्यवहारात जे वाक्य वापरू शकतात ते साधे आहे आणि खरेही आहे : “डॉक्टरांनी सांगितलंय, दोघांनी एकदमच गोळ्या घ्यायच्यात, गावाकडं याल तेव्हा आधी दवाखान्यात जाऊ.” कन्नडात, दखनीतही ते सहज होते.